कर्दळीच्या देठावरचा कोंबडा

मित्रांनो, मी एक जुना चित्राचा कागद आहे. खरं सांगायचं तर आता अर्धामुर्धाच उरलो आहे, आणि जो उरलो आहे त्यावर एका कोंबड्याचं डोकं आणि मान एवढंच आहे. तुम्ही म्हणाल, कोंबड्याच्या चित्राकडे सांगण्यासारखं काय असणार? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण माझ्या खालच्या अंगाला चार बोटं रुंदीची एक पट्टी होती. ती गेली, आणि तिच्यापायी एका वाडीची राई जायची वेळ आली. म्हणून मी बोलतो आहे. बोलून काही उपयोग होईल असं मला वाटत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा. बदलापूरच्या बेलवलीत हरिचंद्र मास्तर नावाचे ड्रॉइंग शिकवणारे मास्तर राहत असत. शाळेतल्या मुलांकडून घडे, पेले आणि केळ्यांचे घड काढून घेणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि सुट्टी लागली की खांद्याला पिशवी अडकवून डोंगराकडे सुटणं हा त्यांचा नाद. त्यांना वेड होतं ते संकराचं. दोन वेगळ्या जातींपासून जे तिसरंच काही जन्माला येतं, त्याला संकर म्हणतात. असं काही दिसलं की मास्तर तिथेच बसकण मारायचे. लष्कराच्या कॅम्पात मागे राहिलेलं खेचर, ज्याची आई घोडी आणि बाप गाढव, ते त्यांनी काढलं. कोणाच्या बंगल्याच्या बागेतली ठिपक्याठिपक्यांची कर्दळ काढली. अशी चाळीस चित्रं झाली. त्यांचं मोठं पुस्तक छापायचं, असं त्यांच्या मनात होतं.

माझ्यावरचं चित्र त्यांना बारवीच्या बाजूला सापडलं. डोंगराच्या कुशीत भोकरवाडी नावाची ठाकरांची दहा-बारा घरांची वाडी होती. वाडीच्या पाठीमागे लागूनच देवाची राई. त्या राईतला रानकोंबडा सांडलेले दाणे टिपायला वाडीत यायचा, आणि दाण्यांवरच थांबायचा नाही. धाकलू मेंगाळ नावाच्या माणसाच्या अंगणात त्यातून एक विलक्षण पिल्लू निघालं. मोठं झाल्यावर त्याची मान रानकोंबड्यासारखी पिवळ्या ठिपक्यांची आणि तुरा मात्र गावठी कोंबड्याचा, लालभडक. त्यातही तुऱ्याचं एक टोक मुंगसाने फाडलेलं. मास्तरांनी त्याला तीन दिवस पायाला दोरी बांधून समोर बसवलं आणि मला रंगवलं. माझ्या उजव्या अंगाला त्यांनी भाताची एक लोंबीही काढली. ती धाकलूच्या खाचरातली होती. तळ्याकाठी आपोआप उगवणारं देवभात आणि खाचरातलं पेरलेलं भात यांच्या मिसळणीतून ती झाली होती, आणि तिला बोटभर लांब कुसळं होती. चौथ्या दिवशी धाकलूकडे पाहुणे आले. कोंबडा रश्शात गेला आणि मास्तरांनीही दोन वाट्या ओरपल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो गेला तरी मी होतोच.

आता त्या पट्टीविषयी सांगतो. मास्तरांची कामाची एक रीत होती आणि ती ते कधी मोडत नसत. चित्र काढायच्या आधी ते कागदाच्या तळाशी चार बोटं जागा आखून घेत, तिथे टाकाने मजकूर लिहीत आणि मगच ब्रश हातात घेत. काय आहे, कुठे मिळालं, कोणाकडे मिळालं, तिथली माणसं त्याचं काय करतात, हे सगळं त्या पट्टीत यायचं. शाळेतल्या मुलांनाही ते सांगत की चित्र सुंदर काढता आलं नाही तरी चालेल, पण पट्टी खरी पाहिजे. मास्तर जुन्या वळणाचे, त्यामुळे ते मोडीत लिहीत. मोडी म्हणजे पूर्वी पत्रं आणि दप्तरं लिहायची धावती लिपी. आधी कागदभर एक सलग आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लटकवत जायचं. माझ्या पट्टीत लिहिलं होतं:

"रानकोंबडा व गावठी कोंबडी यांचा संकर. बाप वाडीमागील राईतला, आई धाकलू जनू मेंगाळ याच्या अंगणातली. राई वाडीची माणसे राखतात. कंद, हिरडा व मध तेथूनच घेतात. मुक्काम भोकरवाडी, तालुका कल्याण."

त्याखाली तारीख होती आणि मास्तरांची सही. धाकलूला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी त्याला ते वाचून दाखवलं, तेव्हा त्याची सहा-सात वर्षांची मुलगी येसू शेजारी बसून ऐकत होती. आपल्या बापाचं नाव कागदावर आलं याचं तिला फार नवल वाटलं. त्या नावावर तिने बोट ठेवलं, आणि बोट ओलं असल्यामुळे 'धाकलू'मधला 'ध' थोडा फुगला. मास्तर रागावले नाहीत. मी मात्र रागावलो होतो. मला तेव्हा माझ्या देखणेपणाचा फार अभिमान होता.

पुस्तक काही छापलं गेलं नाही. मास्तर आम्हाला घेऊन मुंबईत छापखान्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. कोणी म्हणालं रंगीत छपाई परवडणार नाही, कोणी म्हणालं खेचराचं चित्र विकत घेणार कोण. शेवटी मास्तरांनी आम्हा चाळीस जणांना एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि वर कडुलिंबाचा पाला पसरला. त्यांची नात सुषमा लहान होती. रविवारी ते तिला पेटी उघडून एकेक चित्र दाखवायचे आणि पट्ट्या वाचून दाखवायचे. मास्तर गेले, आणि पेटीही मिटली.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. अंगावर तपकिरी डाग पडले. कसरीने कर्दळीच्या चित्राचा कोपरा खाल्ला. सुषमाबाई शिक्षिका झाल्या आणि निवृत्तही झाल्या. बेलवलीतलं बैठं घर पाडून तिथे इमारत उठायची ठरली, तेव्हा पेटीचा प्रश्न आला. बाईंनी आम्हाला फेकलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तीन महिने त्या शाळा, ग्रंथालयं, कॉलेजं फिरल्या. सगळीकडे चित्रांचं कौतुक झालं आणि सगळीकडे जागा नव्हती. शेवटी कोणीतरी त्यांना उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं फ्रेमचं एक दुकान सांगितलं. दुकानदार जुने कागद जपून वापरतो, फुकट घालवत नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते खोटं नव्हतं.

दुकान भूपेशशेठचं. तिथला मुख्य कारागीर होता नितीन. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं कमी आणि हात असा की काचेवर ओरखडा नाही, कोपऱ्यात फट नाही. तो रोज मोटारसायकलवरून लांबून यायचा. कुठून यायचा हे तेव्हा मी विचारलं असतं तर! पण कागदाला विचारता येत नाही. नितीन भोकरवाडीचा होता. धाकलूचा पणतू.

त्याच सुमारास भूपेशशेठकडे एक मागणी आली होती. घरं सजवून देणाऱ्या एका बाईंना जुन्या निसर्गचित्रांसारखी चित्रं हवी होती, पण त्यांत अर्धं झाड आणि अर्धा प्राणी पाहिजे होता. नवीन फ्लॅटमध्ये म्हणे सध्या तेच चालतं. आमची पेटी उघडल्यावर शेठचे डोळे चमकले. त्यांनी नितीनला सांगितलं की असला कागद पुन्हा मिळायचा नाही, सांभाळून काप. चाळीस खऱ्या संकरांच्या अंगावर खोटे संकर करायला कात्री लागली, मित्रांनो. खेचराच्या मानेतून कलमी आंब्याची फांदी फुटली. माझी लोंबी कापून ती एका बदकाची शेपटी झाली. माझ्या कोंबड्याची मान छातीपासून वेगळी केली आणि कर्दळीच्या देठावर बसवली. त्या कोंबड्याला पाय नाहीत, पोट नाही, पंखांच्या जागी रुंद हिरवी पानं.

कापण्याआधी नितीन पट्टीपाशी थांबला होता. त्याने माझ्यावर उजेड घेतला आणि शेठना हाक मारली.

"शेठ, खाली काहीतरी लिहिलंय."

भूपेशशेठ चष्मा लावून वाकले. त्यांच्या आजोबांची सिंधी कागदपत्रं त्यांच्या घरात होती, त्यामुळे जुन्या लिखाणाची त्यांना थोडीफार ओळख होती.

"सिंधी तो नहीं है. गुजराती होगा, किसी का हिसाब होगा. वैसे भी माउंट के नीचे जाएगा. काट दे."

माउंट म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती येणारी पुठ्ठ्याची चौकट. नितीनने पट्टीवरून अंगठा फिरवला. त्या फुगलेल्या 'ध'वरूनही फिरवला. त्याला ते कोणीतरी टाक चालतो का हे पाहायला मारलेले फराटे वाटले असतील. मग त्याने स्टीलची पट्टी ठेवली आणि कटर सरळ ओढला. एवढी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. स्वतःच्या पणजोबाचं नाव त्याने माझ्यापासून वेगळं केलं आणि कात्रणांच्या गोणीत टाकलं. चाळीस चित्रांच्या चाळीस पट्ट्या त्या गोणीत गेल्या.

आता जे सांगतो त्याची मला लाज वाटते, पण खोटं बोलणार नाही. मला आनंद झाला होता. पन्नास वर्षं पेटीत पडून राहिलेल्याला कोणी उचललं, पुसलं, डाग हलके केले, गव्हाच्या खळीने इतकं नाजूक चिकटवलं की जोड दिसू नये. वर नवी काच आली, काळी फ्रेम आली. दुकानात आलेले लोक माझ्यासमोर थांबायला लागले. पट्टी गेल्याचं दुःख मी दोन दिवसांत विसरलो. देखणा दिसतोय ना, मग पुरे, असं मला वाटलं. नितीनलाही माझा अभिमान होता. त्याने मला भिंतीवर लावून दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि शेठना म्हणाला की एवढं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

बदलापूर पूर्वेला शिरगावात एका उंच इमारतीत जिज्ञासा नावाच्या बाईंच्या हॉलमध्ये माझी रवानगी झाली. बाई भल्या होत्या. आठवड्याला काच पुसायच्या. त्यांचे पाहुणे माझ्यासमोर उभे राहून हसायचे, फोटो काढायचे, आणि हा कुठला प्राणी म्हणून लहान मुलं विचारायची. बाई सांगायच्या की पूर्वीच्या लोकांची कल्पनाशक्ती बघा. मास्तरांनी जन्मात एक ठिपका कल्पनेने काढला नव्हता. पण मी कौतुक घेत राहिलो.

इकडे भोकरवाडीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. राईच्या कडेला ट्रकमधून सिमेंटचे खांब येऊन पडले होते. राई आणि वरचा डोंगर कुठल्याशा कामासाठी जाणार, कुंपण पडणार, आत जायला बंदी होणार, असं सांगितलं गेलं. वाडीने राईवर सामूहिक वनहक्काचा दावा टाकला. म्हणजे ही राई आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राखत आणि वापरत आलो आहोत, ती आमच्या हाती राहू द्या, असा अर्ज. त्या अर्जाची फाईल नितीनची धाकटी बहीण वैष्णवी सांभाळत होती. बारावी झालेली, चुणचुणीत आणि चिवट मुलगी. दाव्याला एक पुरावा पुरत नाही, दोन लागतात. एक मिळाला होता, वाडीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा जबाब. ती होती येसू आजी, धाकलूची मुलगी, आता ऐंशीच्या पुढची. दुसरा पुरावा कागदाचा पाहिजे होता. जुनी नोंद, जुना नकाशा, काहीही, ज्यावर वाडीचं आणि राईचं नाव असेल. वाडीकडे कागद कुठून असणार? पावसाळ्यात गळणाऱ्या घरांमध्ये माणसं भात वाचवतात, कागद नाही.

जबाब देता देता येसू आजीला मी आठवलो. ती म्हणाली की बेलवलीचा एक मास्तर यायचा, त्याने आमचा कोंबडा लिहिला होता आणि खाली बाचं नाव लिहिलं होतं, राईचंही लिहिलं होतं. वैष्णवीने दोन आठवडे बेलवलीत घरोघर विचारलं आणि शेवटी तिला सुषमाबाईंचा पत्ता लागला. बाईंनी ते ऐकलं, आणि डोळे मिटून माझी पट्टी तोंडपाठ म्हणून दाखवली. लहानपणी दर रविवारी ऐकलेली होती ना. वैष्णवी रडायलाच लागली. मग तिने विचारलं की बाई, ते चित्र कुठं आहे? बाईंनी दुकानाचं नाव सांगितलं.

वैष्णवीने त्यांच्या दारातूनच भावाला फोन लावला. तुझ्या दुकानात चित्रांची एक जुनी पेटी आली होती का, असं विचारलं. आली होती की, तो खुशीत म्हणाला. सगळी मीच बनवली, एकसे एक पीस झाले, आणि तू बघायलाही आली नाहीस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दुकानातून पत्ता काढून, चौघंजण जिज्ञासाबाईंच्या दारात उभे राहिले. नितीन, वैष्णवी, सुषमाबाई आणि काठी टेकत येसू आजी. बाईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. आजी सोफ्यावर बसली नाही. ती थेट माझ्यासमोर आली आणि काचेला नाक लागेल इतकी वाकली. पंचाहत्तर वर्षांनी मी तिला पाहत होतो. केस पांढरे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण तिने बोट बरोबर त्या फाटक्या तुऱ्यावर ठेवलं.

"ह्यो आमचाच. मुंगसानं फाडला व्हता त्याचा तुरा." मग तिची नजर खाली गेली. "याचे पाय कुठं गेले?"

नितीनने मला भिंतीवरून उतरवलं, पालथं घातलं, मागचे खिळे काढले. फ्रेमच्या आतली जाड पाठ उचकटली, माउंट सोडवला. काहीही सापडायचं नव्हतं हे त्याच्या हातांना माहीत होतं, तरी ते शोधत राहिले. मला उलटंसुलटं करून झाल्यावर तो जमिनीवर तसाच बसून राहिला. सुषमाबाईंनी विचारलं की खालचा मजकूर कुठे आहे. त्याने मान वर केली नाही.

"कापला," तो म्हणाला. "मीच कापला. वाचता नाही आलं मला."

वैष्णवी चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त फाईल छातीशी धरून खिडकीकडे गेली. जिज्ञासाबाईंना एव्हाना सगळं समजलं होतं. त्यांनी मला कागदात गुंडाळून वैष्णवीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, हे तुमचंच आहे, घेऊन जा.

नितीन मग पट्टीच्या मागे लागला. दुकानातली कात्रणं दर महिन्याला रद्दीवाला नेतो, तो ती आनंदनगरला एका कारखान्यात घालतो, आणि तिथे त्यांचा लगदा होऊन पुठ्ठा बनतो, एवढा माग त्याने काढला. कारखान्याच्या फाटकावरच्या माणसाने त्याला आत नेऊन हौद दाखवला. राखाडी लगदा गोल गोल फिरत होता. गोणी कधी आली होती, विचारलं तर सात महिने झाले होते. त्या हौदातून तेवढ्या वेळात किती पुठ्ठा निघून कुठे कुठे गेला असेल, हे सांगणारं कोणी नव्हतं. घरी येऊन त्याने हे वैष्णवीला सांगितलं, तेव्हा मी कपाटावर ठेवलेला होतो.

तुम्ही विचाराल, फोटो नव्हता का? होता. कापण्याआधी भूपेशशेठनी त्या सजावटवाल्या बाईंना पाठवायला मोबाईलवर फोटो काढले होते, आणि हे सगळं कळल्यावर तेही बिचारे हादरले. त्यांनी जुने फोटो शोधून दिले. माझाही निघाला. सगळा कोंबडा होता, पाय, शेपटी, लोंबी, सगळं. पट्टीची मात्र फोटोच्या चौकटीत फक्त वरची रेघ आली होती. सुषमाबाईंनी फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मोडीत रेघ सगळ्यांची सारखीच असते, अक्षरं तिच्याखाली असतात. बाईंनी मोबाईल परत केला.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी मला तरीही नेलं. दुसरं काही नव्हतंच. मोठ्या कचेरीत आमचा नंबर दुपारी लागला. टेबलामागचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी येसू आजीला खुर्ची दिली, तिचा जबाब पूर्ण वाचला. सुषमाबाईंनी पट्टीतला मजकूर त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला, तोही त्यांनी ऐकून घेतला. मग वैष्णवीने मला टेबलावर ठेवलं. कोंबड्याचं डोकं, ठिपक्यांची मान आणि खाली कर्दळीची पानं. शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला आणि साहेबांनी पाहिल्यावर गप्प झाला.

"आजी," साहेब हळूच म्हणाले, "यावर भोकरवाडी कुठं लिहिलंय? राई कुठं लिहिलीय?"

आजीने नितीनकडे पाहिलं. नितीनने जमिनीकडे पाहिलं.

"तो मजकूर कापलाय, साहेब. होता," वैष्णवी म्हणाली.

साहेबांनी मला उलटून पाहिलं, फोटो पाहिला, पुन्हा मला पाहिलं. ते म्हणाले की कोंबडा कुठल्याही गावचा असू शकतो, आणि हा तर कोंबडाही नाही. बाईंना आठवतं ते खरं असेल, पण दाव्याला कागद लागतो. मित्रांनो, त्यांचं काय चुकलं? ज्याला पाय नाहीत, गाव नाही, बापाचं नाव नाही, असं चित्र मीही पुरावा म्हणून घेतलं नसतं. महिन्याभराने चिठ्ठी आली. पुरेशा पुराव्याअभावी दावा नामंजूर. वर अपील करता येतं असं त्यात लिहिलं होतं. वैष्णवी ते करणारही आहे. पण अपिलालाही दुसरा पुरावा लागतो, आणि तो केव्हाच पुठ्ठा होऊन गेला आहे.

मला चित्राचा जन्म मिळाला आणि मी चित्रावरच भाळलो, हे माझं पाप. पिवळे ठिपके आणि लाल तुरा म्हणजेच मी, असं मला वाटत राहिलं. ज्या पट्टीत माणसं होती तिला मी काठाचा रिकामा भाग समजलो. माझ्या अंगावर जी खरी किमतीची गोष्ट होती, ती कापली गेली तेव्हा मी नव्या काचेत स्वतःला बघत होतो.

भोकरवाडीत हल्ली मी नितीनच्या घरी असतो. फ्रेम त्याने काढून टाकली आहे. एका दुपारी त्याने ओल्या फडक्याने खळ भिजवली आणि तासभर खपून मला कर्दळीपासून सोडवलं. आता मी कुणाच्याच देठावर नाही. वीतभर कागद, त्यावर एक मान आणि एक डोकं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जे चिकटवलं होतं ते सुटलं, जे कापलं ते कुठे परत येतं?

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेच्या कपाटात, कोणाच्या पेटीत असे जुने कागद असतील. त्यांचं देखणेपण जपू नका म्हणत नाही, पण आधी त्यांच्या कडा बघा. तळाशी, पाठीमागे, कोपऱ्यात काही लिहिलेलं असलं आणि तुम्हाला ते वाचता आलं नाही, तर ते फराटे आहेत असं समजू नका. गावात अजून एखादी सुषमाबाई असते. तिला विचारायला जा, आणि ती आहे तोवर जा. ती सांगेपर्यंत कात्री खाली ठेवा. माझ्यासाठी हे आता उपयोगाचं नाही. तुमच्यापैकी एकाच्याही हातून एक पट्टी वाचली तर वाचली, एवढंच.

परवा राईच्या कडेने खांब उभे करायला सुरुवात झाली. खड्डे खणायच्या यंत्राचा आवाज घरात येत होता. नितीन कामावर गेला नव्हता. सुषमाबाईंनी वहीत उतरवून दिलेला मजकूर समोर ठेवून त्याने एक कोरी पट्टी कापली, माझ्याच मापाची, आणि ती माझ्या खाली जोडली. मग निळ्या पेनाने, देवनागरीत, एकेक अक्षर जपून लिहिलं. बाप वाडीमागील राईतला, आई धाकलू जनू मेंगाळ याच्या अंगणातली. एकही चूक केली नाही. शेवटी मास्तरांची जुनी तारीख लिहायला घेतली आणि तिथे त्याचा हात थांबला. ती लिहिली असती तर ते खोटं झालं असतं. त्याने परवाची तारीख घातली.

येसू आजी दाराच्या आत बसली होती. तिने मला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "माज्या बाचं नाव कुठं हाय?"

नितीनने तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ती बराच वेळ ते तिथेच ठेवून बसली.

"मंग आता घेतील ना ते?"

नितीनने यंत्राचा आवाज येत होता ते दार लोटून घेतलं.